उन्हाळी, कल्चर आणि दहा इंजेक्शनं

गौरींचं विसर्जन झालं त्या रात्री मला हुडहुडी भरली. अंगावर दोन चादरी, त्यावर सासूबाईंच्या हातची जाड गोधडी, तरी दात वाजायचे थांबेनात. उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली पाठीकडे, आतून कुणी मूठ आवळून धरल्यासारखं दुखत होतं. ताप १०३. ह्यांना वाटलं डेंग्यू असेल, गावात साथ होतीच. मी गप्प राहिले. पाच दिवसांपासून लघवीला जळजळ होत होती, दर थोड्या वेळाने जावंसं वाटायचं आणि गेलं की चार थेंब. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घर माहेरवाशिणींनी भरलेलं, पुरणावरणाचा घाट घातलेला, त्यात हे काय सांगायचं?

आता मात्र सगळं सांगणार आहे, कारण आमच्या स्टाफरूममधल्या सातजणींपैकी पाचजणींना हे होऊन गेलंय आणि पाचहीजणींनी मी केलं तेच केलं होतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वय ५३. पाळी बंद होऊन चार वर्षं झाली. सकाळी नऊच्या एसटीने निघायचं, संध्याकाळी साडेसहाला घरी. शाळेत शिक्षिकांसाठी एकच स्वच्छतागृह, मागच्या बाजूला, कडी धड नाही, नळाला पाणी कधी असतं कधी नसतं. त्यामुळे पाणीच कमी प्यायचं, ही सवय नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची. दिवसभरात अर्धी बाटली. घरी येऊन आधी बाथरूम, मग चपला काढायच्या.

आमच्याकडे या दुखण्याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. नावातच ऊन असल्यामुळे ते उष्णतेवरच ढकललं जातं. आईने आम्हाला धणे-जिरे रात्री भिजवून त्याचं पाणी सकाळी दिलं, सब्जा दिला, माठात वाळा टाकला. त्याने वाईट काही झालं नाही. पाणी जास्त पोटात गेलं की लघवी पातळ होते आणि जळजळ थोडी कमी वाटते. पण हे दुखणं उष्णतेचं नाही, जंतूंचं आहे, आणि ते जंतू बाहेरून उडत येत नाहीत, आपल्याच आतड्यातून येतात, हे मला ५३व्या वर्षी दवाखान्यातल्या खाटेवर कळलं. बाईच्या शरीरात मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. शौचाच्या जागेपासून तिथपर्यंतचं अंतर त्याहून फार मोठं नाही. आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा ई. कोलाय हा जंतू तेवढी वाट चालून मूत्राशयात गेला की तिथल्या अस्तराला चिकटून बसतो. अशा दहा दुखण्यांपैकी सात-आठ वेळा कारण हाच जंतू असतो.

तर, पहिली वेळ मार्चमध्ये, परीक्षांच्या दिवसांत. मी मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर तीन पुरुष उभे होते म्हणून हळूच म्हणाले, “लघवीला त्रास होतोय.” त्याने विचारलं नाही, लिहिलं नाही, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाच्या, सहा गोळ्या कापून दिल्या आणि लघवीची आग थांबवणारं गुलाबी सिरप. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. तीन गोळ्या खाल्ल्या, तीन उरल्या.

उरलेल्या गोळ्या कुठे गेल्या ते सांगायला हवं. आमच्या फ्रिजवर श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात औषधं. मला वाटतं असा डबा बहुतेक घरांत असेल, कुणाकडे बिस्किटांचा, कुणाकडे मिठाईचा. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, ज्यांची नावं फाटून गेलीत आणि फक्त ‘एमजी’ उरलंय. कुणाला जुलाब झाले, घसा धरला, दाढ दुखली, की पहिला हात त्या डब्यात.

दुसरी वेळ जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या झाल्या. डब्यातल्या तीन गोळ्या खाल्ल्या. या वेळी काही फरक पडला नाही. मग गावातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सेफिक्झाईम हे दुसरं अँटिबायोटिक लिहून दिलं आणि म्हणाले, आधी लघवीचं कल्चर करा, म्हणजे त्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघता येईल. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. चूक माझी झाली. लॅबमधून डबी आणली, सकाळी सहाला घरी नमुना घेतला, डबी पिशवीत ठेवली, शाळेत गेले, प्रार्थना, हजेरी, दोन तास, आणि अकरा वाजता मधल्या सुट्टीत शिपायाबरोबर लॅबला पाठवली. पाच तास ती डबी जूनच्या उकाड्यात होती. तीन दिवसांनी रिपोर्ट आला: मिश्र वाढ, नमुना दूषित असण्याची शक्यता, पुन्हा तपासावा. सहाशे रुपये गेले म्हणून मी चिडले आणि पुन्हा तपासलंच नाही. तोवर सेफिक्झाईम चालू केलंच होतं. पाच दिवस पूर्ण घेतलं. बरं वाटलं असं वाटलं. जुलैच्या शेवटी पुन्हा थोडी जळजळ, पुन्हा तेच पाकीट, या वेळी चिठ्ठीशिवाय.

ही झाली गौरींच्या आधीची कथा.

त्या रात्री ह्यांनी मला गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी पाठीवर, बरगडीच्या कोपऱ्यात हलकेच मूठ आपटली आणि मी कळवळले. “बाई, लघवीला काय होतंय?” हा त्यांचा पहिला प्रश्न. ह्यांच्यासमोर उत्तर द्यायला मला अवघड गेलं, तेही लिहून ठेवते. तीस वर्षांचा संसार, आणि लघवी हा शब्द ह्यांच्यासमोर तोंडातून निघेना.

दुखणं मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. मॅडमनी रक्त काढायला सांगितलं, त्यातही कल्चरसाठी वेगळ्या बाटल्या. मग लघवीचा नमुना. माझी अवस्था बघून ह्यांनी घाईने विचारलं, “इंजेक्शन आधी नाही का देता येणार?” मॅडम म्हणाल्या, “आधी नमुना, मग इंजेक्शन. पाच मिनिटांचा फरक आहे. इंजेक्शन आधी दिलं तर लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटवर काहीच उगवणार नाही आणि आपण पुन्हा अंधारात.”

नमुना कसा द्यायचा हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. सिस्टर बाथरूमच्या दारापर्यंत आल्या. हात साबणाने धुवा. ती जागा साध्या पाण्याने, पुढून मागे धुवा. दोन बोटांनी बाजूला धरा, सुरुवातीची लघवी सोडून द्या, ती बाहेरच्या त्वचेवरचे जंतू घेऊन येते. मधली धार डबीत. डबीच्या आतल्या कडेला, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. लगेच झाकण. आणि डबी दोन तासांच्या आत लॅबमध्ये, जमलं नाही तर फ्रिजमध्ये. उबेत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. माझ्या जूनमधल्या डबीत पाच तासांत काय झालं असेल, याचा हिशोब मी तापातही केला.

मग सलाईन, आणि एर्टापेनेम नावाचं इंजेक्शन, एक ग्रॅम, अर्ध्या तासात शिरेतून. मॅडमनी ह्यांना सांगितलं ते मी डोळे मिटून ऐकत होते: सिप्रो आणि सेफिक्झाईम दोन्ही घेऊनही हे वाढलंय, ताप मोठा आहे, रिपोर्टला दोन दिवस लागतील, तेवढं थांबणं बरं नाही. अमिकासिन नावाचं स्वस्त इंजेक्शनही चाललं असतं, पण रक्तातलं क्रिएटिनिन १.५ आलंय, मूत्रपिंडावर ताण आहे, त्यात ते औषध नको. रिपोर्टमध्ये एखादं साधं औषध चालतंय असं दिसलं तर हे लगेच बदलू.

‘साधं औषध’ या शब्दावर माझी आशा होती.

लघवीची जी साधी तपासणी असते, युरिन रूटीन, तिचा निकाल तासाभरात आला: पेशी भरपूर, पू आहे. पण त्यावरून जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे कळत नाही. ते फक्त कल्चरमध्ये कळतं, आणि त्याला वेळ लागतो, कारण जंतूला उगवून यावं लागतं. आधी एक दिवस जंतू वाढवायचा, मग आणखी एक दिवस औषधांसमोर उभा करायचा.

इथे माझं एक नशीब म्हणायला हवं. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी त्याच शहरातल्या एका लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तंत्रज्ञ आहे, आणि माझा नमुना तिच्याच लॅबमध्ये गेला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ती ड्यूटी संपवून डबा घेऊन आली. ताप उतरला होता. मी उठून बसले होते. मुगाची खिचडी खाता खाता ती म्हणाली, “मावशी, तुझी प्लेट बघायचीय?” तिच्या मॅडमची परवानगी घेऊन तिने मोबाईलवर फोटो काढून आणले होते.

पहिल्या फोटोत हिरवट निळ्या थराची प्लेट होती आणि तिच्यावर पिवळे ठिपके, इतके दाट की मध्ये जागा नाही. एका बारीक तारेच्या कडीने एक मिलिलिटरचा हजारावा भाग उचलून प्लेटवर ओढतात. जेवढे ठिपके उगवतील, त्याला हजाराने गुणायचं. शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरला एक लाख जंतू. एडवर्ड कास नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५०च्या दशकात हा लाखाचा आकडा घालून दिला, आजही रिपोर्टवर तोच असतो. माझे ठिपके मोजण्यापलीकडचे होते.

दुसरा फोटो मी अजून जपून ठेवलाय. फिकट, जवळजवळ दुधी रंगाची प्लेट. तिच्यावर जंतूंचं पातळ पाणी कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखं फासलेलं. त्यावर औषधं भिनवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या, सहा मिलिमीटर व्यासाच्या. रात्रभर ३५ अंशांवर ठेवलं की औषध चकतीतून आजूबाजूला पाझरतं. ते लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल उरतो. बांधावर तणनाशक सांडलं की गवतात जसा गोल डाग पडतो, तसा. मग पट्टीने तो गोल मोजायचा.

माझ्या प्लेटवर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला गोलच नव्हता. जंतू थेट चकतीच्या कडेपर्यंत उगवून आले होते. जणू तिथे औषध नव्हतंच, नुसता कागद होता. मी मार्चमध्ये आणि जूनमध्ये हाच कागद गिळला होता का, असं मनात आलं. सेफिक्झाईमचं तेच. सेफ्ट्रिॲक्झोनचं तेच. नायट्रोफ्युरँटॉइनभोवती मात्र वीस मिलिमीटरचा सुंदर गोल. एर्टापेनेमभोवती सव्वीस.

आणि एका कोपऱ्यात दोन चकत्या शेजारी होत्या, त्या तिने बोटाने मोठ्या करून दाखवल्या. एक सेफ्टाझिडिमची. दुसरीत सेफ्टाझिडिम अधिक क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. पहिलीचा गोल लहान, दुसरीचा चांगला मोठा. फरक पाच मिलिमीटर किंवा जास्त असला की समजायचं, हा जंतू ईएसबीएल बनवतो. ईएसबीएल म्हणजे एक विकर, एन्झाइम. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन (सेफिक्झाईम, सेफ्ट्रिॲक्झोन याच कुळातली) या औषधांच्या रेणूत एक चौकोनी कडं असतं, तीच त्यांची ताकद. हे विकर ते कडं फोडून टाकतं. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या विकरालाच गुंतवून ठेवतं, म्हणून दुसऱ्या चकतीचं औषध वाचतं आणि गोल मोठा होतो. एवढ्याशा दोन कागदांतून जंतूच्या पोटातलं हत्यार ओळखायचं, हे मला फार विलक्षण वाटलं. अशा विकरांपैकी सीटीएक्स-एम-१५ आपल्याकडे सर्वांत जास्त सापडतं. दिल्लीतल्या १९९९ सालच्या जंतूंमध्ये ते पहिल्यांदा ओळखलं गेलं आणि पुढे जगभर पसरलं.

छापील रिपोर्ट संध्याकाळी आला. ई. कोलाय, एक लाखाच्या वर, ईएसबीएल. खाली औषधांची यादी आणि समोर अक्षरं. एस म्हणजे लागू, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. अँपिसिलिन आर. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट आर. सेफिक्झाईम आर. सेफ्ट्रिॲक्झोन आर. सिप्रो आर, लेव्हो आर, को-ट्रायमोक्साझोल आर. मी वाचत गेले आणि मला एकेक आर ओळखीचा वाटू लागला. ह्यांना म्हटलं, उद्या येताना तो श्रीखंडाचा डबा आणि माझी फाईल घेऊन या.

दुसऱ्या दिवशी खाटेवर बसून मी यादी केली. सिप्रो आणि सेफिक्झाईमचं वर आलंच आहे. त्याआधीच्या दिवाळीत लग्नातलं जेवण बाधलं, तेव्हा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, दोन दिवस. जानेवारीत दाढ काढली, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, पाच दिवस. फेब्रुवारीत सर्दी-खोकला, ॲझिथ्रोमायसिन, तीन दिवस. जुलाबाची गोळी पोटासाठी, दाढेची दाढेसाठी, असंच मी समजत होते. पण गोळी गिळली की ती सगळ्या अंगात जाते, आतड्यातही. तिथे कोट्यवधी जंतू बसलेले. त्यातले जे मरायचे ते मरतात, आणि ज्यांच्याकडे उपाय आहे त्यांना मोकळं रान मिळतं. नऊ महिन्यांत मी माझ्या आतड्यातल्या ई. कोलायची सात वेळा निवड करून दिली होती, आणि त्यातलाच एक वर चढला.

भाचीने मला थोडं थांबवलं. “सगळं स्वतःवर घेऊ नकोस मावशी.” तिचं म्हणणं असं की हे विकर बनवण्याची विद्या जंतू प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर बाळगतो, आणि ते कडं एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. एकाच कड्यावर अनेक औषधांचे तोड असतात. त्यामुळे मी कधीच न घेतलेल्या को-ट्रायमोक्साझोलपुढेही आर येतो. असे जंतू पाण्यातून येतात, अन्नातून येतात, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातातून येतात. कोंबड्यांच्या खाद्यातही औषधं घातली जायची. कोलिस्टिनसारखं, माणसासाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध जनावरांना द्यायला आपल्या सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. म्हणजे बीज कुठूनही आलेलं असेल. “पण मशागत मी केली,” मी म्हटलं. त्यावर ती काही बोलली नाही.

मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी विचारलं, कोर्स अर्धवट सोडला म्हणून हे झालं का? त्या म्हणाल्या, “मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला काही औषधं तीन दिवसच देतात, तेव्हा किती गोळ्या उरल्या याच्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. सर्दीला त्या गोळीची गरजच नव्हती. सर्दी विषाणूची असते. आणि सेफिक्झाईम दुसऱ्यांदा घेताना ते लागू पडतंय का, हे कुणालाच माहीत नव्हतं.”

माझा पुढचा प्रश्न पैशांचा होता. रिपोर्टवर नायट्रोफ्युरँटॉइनसमोर एस आहे, ती तर साधी कॅप्सूल, १९५० च्या दशकातलं जुनं औषध. फॉस्फोमायसिनसमोरही एस, ती पाण्यात विरघळवून प्यायची तीन ग्रॅमची एकच पुडी. मग हे दोन हजारांचं इंजेक्शन रोज कशाला? मॅडमचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नुसता रिपोर्ट वाचून स्वतः औषध ठरवणाऱ्याची इथे फसगत होईल. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, म्हणून मूत्राशयाच्या दुखण्याला उत्तम. पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात ते पुरेसं टिकत नाही. माझा संसर्ग मांसात शिरला होता. प्लेटवरचा गोल वीस मिलिमीटरचा असला तरी औषध जिथे पोहोचतच नाही तिथे तो गोल काय कामाचा? फॉस्फोमायसिनच्या पुडीचंही तेच. “जूनमध्ये नीट कल्चर झालं असतं,” त्या म्हणाल्या, “तर पाच दिवसांच्या कॅप्सुलांत बहुधा भागलं असतं.”

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. मला मात्र ते अजून टोचतं.

दहा इंजेक्शनं झाली. तीन दवाखान्यात राहून, सात रोज सकाळी जाऊन. हाताला इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवलेली बारीक नळी, वर पट्टी. सोनोग्राफीत मूतखडा नव्हता, लघवी पूर्ण सुटत होती, साखर ठीक होती. क्रिएटिनिन आठवड्यात १.० वर आलं. शाळेत बिनपगारी रजा नाही लागली, एवढं बरं. दिवसाकाठी अर्धा तास त्या खुर्चीत बसून थेंब मोजताना एक विचार यायचा. एर्टापेनेम ज्या कुळातलं आहे त्या कार्बापेनेम औषधांनाही फोडणारी विकरं आहेत. एनडीएम-१ हे त्यातलं एक (एनडी म्हणजे न्यू दिल्ली), २००९ मध्ये जगासमोर आलं, आणि त्याच्या नावातली दिल्ली पाहून आपल्याकडे मोठा वाद झाला. ते विकर बनवणारा जंतू माझ्यात असता तर सव्वीस मिलिमीटरच्या गोलाऐवजी तिथेही नुसता कागद दिसला असता. शेजारच्या खुर्चीत एक आजोबा असायचे, प्रोस्टेटचा त्रास, तिसऱ्यांदा आलेले. त्यांच्या रिपोर्टवर एस फक्त दोन होते.

बरं झाल्यावर मॅडमनी मला बसवून घेतलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगितलं. पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही, हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते हे: पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, योनिमार्गातले चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस, कमी होतात, तिथला आंबटपणा जातो आणि ई. कोलायला वस्ती करायला जागा मिळते. त्यावर योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं आणि त्याने असे वारंवार होणारे संसर्ग कमी होतात. पाळी जाऊन चार वर्षं झाली, इतक्या डॉक्टरांकडे गेले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. स्टाफरूममध्ये मी हे मोठ्याने सांगितलं तेव्हा आधी सगळ्या दाराकडे बघू लागल्या. मग एकीने वहीत क्रीमचं नाव लिहून घेतलं.

दुसरं मॅडमनी सांगितलं ते असं: हे जंतू आतड्यात काही महिने राहू शकतात. पुढे कोणत्याही डॉक्टरकडे, कुठल्याही कारणाने गेलात तरी ‘मला ईएसबीएल झाला होता’ हे सांगायचं. रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, ह्यांच्याही.

घरी आल्यावर श्रीखंडाचा डबा रिकामा केला. सेफिक्झाईमच्या पाकिटावर लाल उभी रेघ होती, लाल अक्षरांत इशाऱ्याची चौकट होती. इतकी वर्षं ती माझ्या नजरेला पडली नाही. लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्याची मोहीम काढली होती. आणि सेफिक्झाईम तर औषध नियमांतल्या एच-१ यादीत, २०१४ पासून. ते देताना दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. जुलैमध्ये मला ते देताना कुणी कसलीही वही उघडली नाही. मी दुकानदाराचं नाव घेत नाही, कारण मागायला मी गेले होते आणि त्याने नाही म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दुकानात गेले असते. पण त्याने नाही म्हणायला हवं होतं.

शाळेत आम्ही सातजणींनी मिळून अर्ज दिला. कडी बसली, नळ आला. मुलींच्या स्वच्छतागृहाचंही काम झालं. त्याच निमित्ताने मी नववीच्या मुलींना विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? बाटल्या घरून भरून आणलेल्या, तशाच भरलेल्या परत जात होत्या. माझीच सवय, चौदाव्या वर्षी. आता तिसऱ्या तासानंतर सगळा वर्ग एकदम पाणी पितो, मीही पिते, आणि कुणी बाहेर जायची परवानगी मागितली तर कारण विचारत नाही.

एक गोष्ट राहिली. फेब्रुवारीत मला काही त्रास नव्हता, तरी रोज रात्री भीती वाटायची. कुणालाही न विचारता मी जाऊन कल्चर करून आले. रिपोर्ट: ई. कोलाय, एक लाखाच्या वर, ईएसबीएल. माझे हातपाय गार पडले. त्याच दुपारी मॅडमकडे गेले. त्यांनी विचारलं, जळजळ? नाही. ताप? नाही. वारंवार जावं लागतं? नाही. पोटात, पाठीत दुखतं? नाही. “मग हे कल्चर कशासाठी केलंत, बाई?”

त्या म्हणाल्या, जंतू असणं वेगळं आणि आजार असणं वेगळं. या वयात अनेक बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि ते काही करत नाहीत. गरोदर बाई असेल किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तरच अशा वेळी औषध. नाहीतर औषध देऊन आपण फक्त उरल्यासुरल्या औषधांसमोर आर मिळवायचा. त्रास झाला तर त्याच दिवशी या, आधी नमुना द्या.

“म्हणजे काहीच द्यायचं नाही?” मी दोनदा विचारलं.

“काहीच नाही.”

घरी आले तेव्हा ह्यांनी विचारलं, काय दिलं मॅडमनी? म्हटलं, काही नाही. ह्यांना पटेना. एवढे लाख जंतू आणि काही नाही? मी त्यांना प्लेटचा तो जुना फोटो पुन्हा दाखवला, कागदाच्या चकत्या दाखवल्या, आणि मॅडमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. लघवी हा शब्द मध्ये तीन-चार वेळा आला. मग रिपोर्ट फाईलमध्ये लावला आणि पेपर तपासायला बसले.

याला आता सात महिने झाले. जळजळ नाही, ताप नाही. पुन्हा कल्चर केलेलं नाही.